अठरा पिशव्या, एक खड्डा

मातीचा नमुना कसा काढायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वावरात नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल खड्डा घ्यायचा. खड्ड्याच्या कडेची, वरपासून तळापर्यंत, दोन बोटं जाडीची माती खुरप्यानं तासून घ्यायची. सगळ्या खड्ड्यांची माती घमेल्यात कालवायची, पसरून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असं करत करत शेवटी अर्धा किलो राहते, ती कापडी पिशवीत भरायची. बांधाजवळची घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची नाही, आणि रस्त्याकडेची तर नाहीच नाही. हे सगळं मी गावोगावच्या मेळाव्यांत माइक हातात धरून सांगितलेलं आहे. लोक माना डोलवायचे आणि मला ते आवडायचं.

एका मे महिन्यात तेलगावच्या शिवारात मी अठरा शेतकऱ्यांच्या अठरा पिशव्या रस्त्याकडेच्या एका पडीक तुकड्यातून, एकाच खड्ड्यातून भरल्या.

हे असं एका वाक्यात लिहायला मला दोन वर्षं लागली. आधी जे लिहीत होतो त्यात ऊन यायचं, टार्गेट यायचं, कंत्राटी नोकरी यायची. ते सगळं खरंही होतं. मी जीवाणूशास्त्र शिकलेला माणूस, एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागलेला. नमुने आणायचे आम्हीच, तपासायचे आम्हीच. त्या दिवशी यादीतले अठरा गट नंबर राहिले होते. बहुतेक वावरांत खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाला फुटलेला नवा ऊस, कमरेएवढा उभा होता, त्यात शिरलं की उसाची पात हाताला कापते. लिंबाखाली गाडी लावलेली, पाण्याची बाटली तापलेली. माझा जोडीदार बीडचाच, माझ्याच वयाचा. तो बुटातली माती झटकत म्हणाला, "कामून एवढा जीव काढायलास बे? माती मातीच असती."

मी त्याला हसलो. म्हटलं, चमचाभर मातीत माणसांच्या वस्तीपेक्षा जास्त जीव राहतात, प्रत्येक वावराची वस्ती निराळी असते, म्हणून नमुना निराळा घ्यायचा. छान बोललो. मग उठून वीस पावलांवरच्या पडीक तुकड्यात गेलो आणि खणायला लागलो. ज्ञान सांगून झाल्यावर ते पाळायची गरज उरत नाही, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

पाऊण तासात अठरा पिशव्या झाल्या. प्रत्येकीवर गट नंबर, गाव, सातबारावरचं नाव. ती नावं मी वाचून लिहिली नाहीत, नुसती उतरवली. त्यातलं एक नाव माझ्या शाळेतल्या बाईंच्या वारलेल्या यजमानांचं होतं.

बाई आम्हाला सातवीत विज्ञान शिकवायच्या. आमची शाळा बीडच्या कडेला, पत्र्याची. बाईंच्या आधी विज्ञान म्हणजे फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात. बाईंनी एका शनिवारी सगळ्या वर्गाला चालवत पालीला नेलं, बिंदुसरेच्या धरणावर. पाणी उतरलेलं होतं, काठाला हिरवा थर. बाईंनी पदर खोचला, एक लांब काठी घेतली आणि काठाच्या काळ्या गाळात खुपसली. बुडबुडे आले. काठी हलवली की पुन्हा आले. बाई म्हणाल्या, "खाली उजेड नाही, हवा नाही. तरी कुणीतरी जेवतंय आणि ढेकर देतंय."

वर्ग खदाखदा हसला. मी हसलो नाही, मला ते कोण आहेत ते बघायचं होतं. त्या ढेकरापायी मी पुढं एवढा शिकलो, हे मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत असावं. वर्गातल्या कपाटाची चावी त्या माझ्याकडं द्यायच्या. भिंगं, काचेच्या नळ्या, सगळं त्या कपाटात. मोजून घ्यायच्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर बाई सासरच्या गावी, तेलगावजवळ, राहायला गेल्या. यजमान आधीच गेलेले. चार एकर जमीन, सगळी काळी, सगळा ऊस. वावर त्यांचे दीर करायचे, अर्ध्या वाट्यानं. उसाची टोळी तोडणी करून गेली की मागं वाळक्या पानांचं गुडघाभर पाचट पडतं. आमच्याकडं त्याला काडी लावायची रीत आहे. अर्ध्या तासात रान मोकळं होतं, खोडवा फुटायला मोकळा, उंदरांचा त्रास नाही. बाईंनी आल्या वर्षीच दिराला सांगितलं, पाचट जाळायचं नाही. ते सरीत दाबायचं, कुजू द्यायचं.

दीर म्हणाले, पुस्तकातलं शेतात चालत नसतं. गावातली माणसं बांधावरून जाताना विचारायची, मास्तरीणबाईच्या वावरात कचरा कोण टाकून गेलं. बाई सात वर्षं हटल्या नाहीत. पाचटावर बुरशी कशी चढते, बुरशीचे पांढरे धागे मातीचे खडे कसे बांधतात, मग त्या खड्यांमध्ये पाणी कसं थांबतं, हे त्यांनी गल्लीतल्या बायकांना जाऊन सांगितलं. पाच जणींनी ऐकलं. कुणाचा एकर, कुणाचा दीड एकर. नवऱ्यांशी, सासऱ्यांशी वाद घालून त्या पाच जणींनी आपापलं पाचट राखलं.

सातव्या वर्षी दीर वैतागले. रान साफ करायला माणसं मिळत नाहीत, खोडवा उशिरा फुटतो, लोक हसतात. तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, सरकारी माती तपासणीचं कार्ड येऊ दे. त्यात सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसला तर माझं ऐकायचं, नाही दिसला तर तुम्ही काडी लावा, मी पुन्हा बोलणार नाही. सात वर्षांचा हट्ट त्यांनी एका कार्डावर लावला. आणि ते कार्ड यायचं होतं माझ्याकडून.

हे सगळं मला कळलं ते जानेवारीत, बाई कार्ड घेऊन प्रयोगशाळेत आल्या तेव्हा. मला बघून त्यांना आनंद झाला. "अरे, तू इथं आहेस होय," म्हणाल्या, आणि समोरच्या खुर्चीवर बसून घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. मग पिशवीतून कार्ड काढलं. सेंद्रिय कर्ब: कमी. गाव बघितलं, गट नंबर बघितला, नमुन्याची तारीख बघितली. तो लिंब, ती गाडी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

बाईंनी आणखी एक वस्तू काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन सुती बनियनी. यजमानांच्या जुन्या. एक त्यांनी आपल्या वावरात वीतभर खाली पुरली होती, दुसरी दिरांच्या स्वतःच्या वावरात, जिथं दरसाल पाचट जळतं. दोन महिन्यांनी उकरून काढल्या. दिरांच्या वावरातली मळली होती, पण घालता आली असती. बाईंच्या वावरातलीची नुसती शिवण आणि गळ्याची पट्टी उरली होती, बाकी सगळी जाळी. मातीतल्या जीवांनी खाऊन टाकलेली.

"एवढं खाणारे आहेत म्हणजे वस्ती दाट आहे," बाई म्हणाल्या. "मग कर्ब कमी कसा? माझं काय चुकलं ते सांग."

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. "बाई, ही तुमच्या वावराची माती नाही," एवढंच म्हणायचं होतं. मी पाणी मागवलं.

मग मी बोलायला लागलो. मी म्हणालो, बाई, तो घरगुती प्रयोग झाला, हे परीक्षण आहे. मी म्हणालो, आपल्याकडचं ऊन लक्षात घ्या. माती तापली की जीवाणू भराभर खातात आणि भराभर श्वास सोडतात. पाचटातला कर्ब त्यांच्या पोटातून हवेत उडून जातो. बनियन खाल्ली गेली म्हणजे कर्ब साठला असं नाही, उलट तो गेला. थंड मुलखात साठतो, मराठवाड्यात साठत नाही. कागद घेऊन आकृती काढली. वर सूर्य, खाली माती, मातीतून वर जाणारे बाण.

यातलं एकेक वाक्य बऱ्यापैकी खरं होतं, आणि तेच मला जास्त लागतं. जीव खातात, श्वास सोडतात, बराचसा कर्ब हवेत जातो, हे खोटं नाही. जे खरं होतं पण मी सांगितलं नाही, ते असं की सगळा जात नाही. खाणारे मरतात, त्यांची शरीरं चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. काळ्या रानात तर जास्तच. मातीत साठून राहणारा कर्ब म्हणजे बराचसा मेलेल्या जीवाणूंचा ठेवाच. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बाईंपुढं बसून तेवढाच भाग मी गाळला. अडाण्याला एवढं सफाईदार खोटं बोलता आलं नसतं.

बाईंनी वही काढली. खाकी कव्हर घातलेली, शाळेतल्यासारखीच. "सावकाश सांग," म्हणाल्या, आणि मी सांगितलेलं सगळं उतरवून घेतलं. आकृतीही काढली, बाणांसकट. सातवीत त्या सांगायच्या आणि मी लिहायचो.

जाताना म्हणाल्या, "बरं झालं तू भेटलास. नाहीतर मी हट्टानं चुकीचंच सांगत राहिले असते लोकांना." आणि डोक्यावर हात ठेवला. मी चाळिशीला आलेला माणूस. मी मान खाली घालून तो हात ठेवून घेतला.

रविवारी मी मोटारसायकल काढली आणि तेलगाव गाठलं. बाईंकडं गेलो नाही. चोरासारखा मागच्या बांधानं त्यांच्या वावरात शिरलो. टोळी नुकतीच तोडणी करून गेली होती. पाचट गुडघ्याला लागत होतं. ते बाजूला सारलं तर खाली माती ओली, जानेवारीच्या कोरड्या हवेतही ओली. पाचटाच्या खालच्या थरावर पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि धाग्यांना बिलगलेले मातीचे रवाळ खडे. गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या जागोजाग. माती हातात घेतली की दाबली जायची, सोडली की सुटी व्हायची. मी नागमोडी चाललो, दहा खड्डे घेतले, चार भाग केले. आयुष्यात इतका नीट नमुना मी कधी काढला नव्हता. बघायला कुणी नव्हतं.

सोमवारी तपासला. या तपासणीत मातीवर नारिंगी रंगाचं रसायन आणि आम्ल घालतात. मातीतला कर्ब ते रसायन खातो, म्हणून जितका कर्ब जास्त तितका नारिंगी रंग हिरव्याकडं झुकतो. बाकीचा हिशेब नंतर, पण डोळ्याला आधी कळतं. बाईंची माती घातली आणि चंबू हिरवागार झाला. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. पुन्हा हिरवा. सात वर्षांत बाईंनी त्या काळ्या रानात जे साठवलं होतं ते माझ्या टेबलावर दिसत होतं.

त्याच वेळी फोन उचलायला हवा होता. बाईंचा नंबर माझ्याकडं होता.

मी काय केलं, तर दुरुस्तीचं कार्ड काढायचं ठरवलं. "फेरतपासणीनंतर सुधारित अहवाल" असं लिहून, साहेबांची सही घेऊन, शिक्का मारून. म्हणजे बाईंचं काम होईल आणि माझंही झाकलं जाईल. तांत्रिक कारण काय लिहावं यावर मी दोन दिवस घालवले. साहेब तीन दिवस दौऱ्यावर. मग प्रिंटर बंद. रोज सकाळी वाटायचं, आज फोन करू. रोज संध्याकाळी वाटायचं, कार्डासकटच जाऊ. अशात नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी कार्ड घेऊन गेलो. गावाच्या अलीकडंच वास आला. जळलेल्या पाचटाचा वास बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ओळखू येतोच, पण त्या दिवशी मी स्वतःला सांगत होतो की तो दुसऱ्या कुणाचा असेल. वळणावरून वावर दिसलं. काळं. कडेला एक खोड अजून धुमसत होतं. दीर फावड्यानं बांधावरची राख आत ओढत होते.

"या सायेब," माझ्या गळ्यातलं प्रयोगशाळेचं ओळखपत्र बघून ते म्हणाले. "लई उपकार झाले बघा तुमचे. सात वर्सं डोक्याला ताप होता. आमी सांगून सांगून थकलतो, तुमी एका दिवसात पटवलं."

बाई घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं. लिंब, पडीक तुकडा, अठरा पिशव्या, एक खड्डा. जानेवारीत त्यांच्यापुढं बसून काय काय गाळलं, तेही. चोरून काढलेला नमुना, हिरवा झालेला चंबू, नऊ दिवस. हातातलं सुधारित कार्ड मात्र मी पुढं करू शकलो नाही. ते घडी घालून खिशात ठेवलं.

बाई म्हणाल्या, "कार्ड चुकीचं आलं, त्याचा मला एवढा राग नाही. सरकारी कागद चुकतात. पण मी तुला विचारलं होतं. माझं काय चुकलं, असं विचारलं होतं."

"हो बाई."

"आणि तू मला समजावून सांगितलंस."

मला वाटलं, आता तरी काही कामाचं बोलावं. मी म्हणालो, बाई, जाळामुळं वरचं बोटभर गेलंय. यंदाचं पाचट गेलं, त्यावरची बुरशी गेली. पण आग खाली फार जात नाही. खालची वस्ती शाबूत आहे, सात वर्षांचा कर्ब बराचसा खालीच आहे. पुढच्या वर्षी पाचट राखलं की पुन्हा जमेल. हे मी मनापासून बोलत होतो आणि हे खरं होतं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "हे खरं आहे," त्या म्हणाल्या, "का मागच्यासारखं?"

हो म्हणायचं तरी माझ्या 'हो'ला आता काय किंमत होती. मागच्या वेळीही मी असाच, याच आवाजात बोललो होतो.

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. जानेवारीत माझ्याकडून परत गेल्यावर, दुसऱ्याच दिवशी, बाई त्या पाच जणींकडं गेल्या होत्या. घरोघर. वही उघडून, माझी बाणांची आकृती दाखवून म्हणाल्या होत्या, माझी चूक झाली, आपल्या मुलखात हे साठत नसतं, मी तुम्हाला उगाच नवऱ्यांशी भांडायला लावलं. चूक कळली की लगेच जाऊन सांगायची, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्या शिस्तीनंच माझं खोटं पाच घरी पोचवलं.

"पाचही ठिकाणी काडी लागली?" मी विचारलं.

"मी पुन्हा बघायला गेले नाही. मला लाज वाटत होती." त्या उठल्या, पायांत चपला घातल्या. "चल. मी प्रत्येकीला जाऊन सांगितलंय. आता तू सांग."

पहिल्या घरी एक पंचविशीतली सून भाकरी थापत होती. मी सुरुवात केली, "ताई, त्या अहवालात थोडी तांत्रिक चूक झालेली होती—"

"नीट सांग," बाई मागून म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तसं, आवाज न चढवता.

मी म्हणालो, "मी बाईंच्या वावरात आलोच न्हवतो. रस्त्याकडची माती भरून नेलती आणि मग बाईंना खोटं सांगितलं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "आमी तर पेटवून दिलं की परवाच." आणि दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांकडं तिनं बघितलं. सासरे हसले. ते हसणं तिला होतं, मला नव्हे, आणि माझ्यामुळं तिच्या वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी नवऱ्यानं मला खुर्ची दिली आणि चहा विचारला, तो मी घेतला. चौथी घरी नव्हती, मजुरीला गेलती, तर तिला शोधत दुसऱ्याच्या वावरात जाऊन सांगावं लागलं. तिनं काम थांबवलं नाही, खुरपत खुरपतच ऐकलं. शेवटी म्हणाली, "मग आता काय करू म्हंता?"

पाचवी म्हातारी होती, गावाच्या टोकाला एक एकर असलेली. तिचं पाचट जागेवर होतं. सगळं, जसंच्या तसं. बाईंनी आश्चर्यानं विचारलं, तर म्हणाली, "तुमी वही दावली खरी बाई, पर मला वाचता येत न्हाई. आन इहिरीचं पाणी एक पाळी कमी लागतंय, ते मला दिसतंय. म्हटलं, बाईला कुणीतरी कायतरी सांगितलंय." मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "ह्यांनी का?"

बाई हो म्हणाल्या.

परत येताना बाई घराकडं न वळता वावराकडं वळल्या. दिरांकडून खुरपं आणि घमेलं मागून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "खाली वस्ती शाबूत आहे म्हणालास ना. काढ नमुना."

मी जळक्या वावरात नागमोडी चाललो. पायाखाली राख उडत होती, पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली. बाई माझ्यामागून बांधाबांधानं येत होत्या आणि खड्डे मोजत होत्या. सहाव्या खड्ड्याला मी थोडा उथळ घेतला असेन, तर म्हणाल्या, "वीतभर." मी खोल केला. दहा झाले तेव्हा मी घमेल्यात माती कालवली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले. पिशवीवर नाव-गट त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

मी पिशवी घ्यायला हात पुढं केला. "मी नेतो बाई. उद्याच तपासतो."

"नको," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी घेऊन येते."

बाकीच्या सतरा कार्डांचंही इथंच सांगून टाकतो. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता ते उकरत बसू नका. तरी रविवारी रविवारी जाऊन मी अकरा वावरांतून खरे नमुने आणले आणि त्या त्या माणसाला तोंडानं सांगितलं. सहा राहिलेत. दोन वर्षं झाली, अजून राहिलेत. मध्ये पाऊसकाळ, मध्ये दुसऱ्या कामाचं टार्गेट. म्हणजे मी फार बदललो असंही नाही.

सोमवारी बाई एसटीनं आल्या. पासष्टी ओलांडलेल्या बाई, ती अर्धा किलोची पिशवी मांडीवर धरून तेलगावहून बीडपर्यंत. मी बसायला खुर्ची दिली तर त्यांनी स्टूल ओढून टेबलाजवळ घेतलं आणि जिथून चंबू दिसेल अशा बसल्या. माती वाळवून चाळून वजन करेपर्यंत बसल्या. आम्ल घातलं, चंबू तापला, थंड झाला, तोवर बसल्या. रंग बदलला. पाच-सहा दिवसांपूर्वी आग लागून गेलेल्या वावराची माती, तरी हिरव्याकडंच झुकली. आधीच्याइतकी नाही, पण बरीच.

मी म्हणालो, "बघा बाई."

"बघतेय," त्या म्हणाल्या. त्यांनी वही काढली. माझ्या जानेवारीतल्या व्याख्यानाच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ मारलेली होती, पट्टी ठेवून. पुढच्या पानावर त्यांनी आकडा लिहिला. मी सांगितलेला नाही. माझ्या खांद्यावरून वाकून, नळीवरच्या खुणा स्वतः मोजून.

मग उठल्या. "उरलेली माती?"

"ती इथं ठेवतो बाई, लागली तर पुन्हा तपासायला."

"नको. दे ती."

मी पिशवी दिली. त्यांनी तिचं तोंड घट्ट बांधलं, पर्समध्ये ठेवली आणि साडेचारची गाडी गाठायला निघाल्या. दारापर्यंत सोडायला गेलो. त्या दिवशी त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, आणि मीही त्यासाठी मान खाली घालून तिथं उभा राहिलो नाही.